डब्यातल्या मोबाईलची गोष्ट

मित्रांनो, सुईदोरा, मोडकी किल्ली आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं यांच्या सोबतीनं बिस्किटांच्या डब्यात पडलेला मी एक जुना बटनांचा मोबाईल आहे. पाचाचा आकडा तेवढा पुसलाय. बाकी मी धडधाकट आहे. तरी डब्यात आहे.

मला जयगडच्या दत्ताराम तांडेलानं घरासाठी आणलं. आणण्याआधी तो शेजाऱ्यांचे फोन मागून घेऊन स्वतःच्या घरात चुलीपर्यंत फिरला. ज्या कंपनीची रेंज चिऱ्याच्या भिंतीआड टिकली, तिचंच कार्ड घेतलं. लोक हसले. हसणाऱ्यांचं काय जातं?

होडी खाडीच्या तोंडाशी आली, की तो आपल्या फोनवरून मला एक मिस्ड कॉल द्यायचा. त्याची बायको गुणवंती तो उचलायची नाही. मला पदरानं पुसायची, टोपली घ्यायची आणि धक्क्यावर मासळीच्या लिलावाला निघायची. माझं कौतुक ते एवढंच. मला ते पुरत होतं.

मग त्यांचा मुलगा हर्षद रत्नागिरीहून मोठा काचेचा फोन घेऊन आला.

"आये, नंबर तोच हाय. कंपनी बदललीय. डेटा बघ केवढा, आणि वरीसभर रिचार्जची कटकट नाय."

"डेटा घेवन काय मासं खारवू?"

"शिकशील गो."

"ह्यात रेंजच्या काड्या दिसत नाय त्या?"

"दुकानात फुल्ल व्हत्या. नवीन कार्ड हाय, येतील उद्या."

माझं कार्ड त्यानं कचऱ्यात टाकलं, मला डब्यात. दुपारच्या गाडीनं तो गेलाही. काड्या आल्याच नाहीत.

दोनच दिवसांनी वारा पिसाळला. इतरांच्या होड्या परतल्या, दत्तारामची आली नाही. गुणवंतीनं काचेचा फोन हलवून पाहिला, आणि मग डबा उघडून मला बाहेर काढलं. मला चार्जिंगला लावलं. माझी बटनं दाबत राहिली. मित्रांनो, माझ्यात कार्ड नव्हतं. मी कुठून वाजणार? तरी दोन्ही फोन कमरेला खोचून ती धक्क्यावर जाऊन बसली. तिथंही काचेच्या फोनात काड्या आल्या नाहीत.

संध्याकाळी हर्षद मोटारसायकलवरून भिजत आला.

"आये, बाबा दाभोळच्या खाडीत शिरलेत. सुखरूप हायत. तुला फोन लावून लावून दमले, मग मला लावला. मी पण लावत व्हतो."

गुणवंतीनं काचेचा फोन त्याच्या हातावर ठेवला. "घेताना मला इचारलंस?"

"प्लॅन स्वस्त व्हता गो."

"मग तूच वापर."

दुसऱ्या दिवशी हर्षदनं जुन्या कंपनीचं, नव्या नंबराचं कार्ड आणलं आणि काचेच्या फोनात घातलं. आता तो इथं वाजतो. मी पुन्हा डब्यात.

मित्रांनो, फोन घ्या, स्वस्तातला प्लॅन घ्या, पण ज्याच्या हातात तो द्यायचा त्याला आधी विचारा. त्याच्या घरात उभे राहून रेंज बघा. दुकानात कुणी राहत नाही. आणि जुना फोन डब्यात कोंडू नका. आमच्या भिंतीपलीकडे गोदाआजी एकटी राहते. तिच्याकडे फोनच नाही. लेकीची खुशाली विचारायला ती रोज कुणाकुणाच्या दारात उभी असते. मी इथं चार हातांवर आहे, आणि या घरात कुणालाच मला तिच्याकडे द्यायचं सुचत नाही.