नगरभवनातला आरपार माणूस

नगरभवनाच्या अंधाऱ्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शहराच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं तेव्हा तिकडे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. आता मात्र कोपऱ्यातल्या एका फोटोपुढे लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. बाटली काचेला टेकवायची, डोळे मिटायचे आणि घरी जाऊन पाणी प्यायचं. गुडघे, दमा, चष्म्याचा नंबर, सगळंच म्हणे उताराला लागायचं.

फोटो शंभर वर्षांपूर्वीचा, शहरात नळ आले त्या दिवशीच्या मिरवणुकीचा. मंचावर नगराध्यक्ष आणि प्रतिष्ठित मंडळी, खाली बँड, आगीच्या बंबाची घोडागाडी. आणि दिव्याच्या खांबापुढे एक दाढीवाला, ज्याच्या छातीतून मागचा खांब आरपार दिसत होता.

"तो मीच," फोटोशेजारी खुर्ची टाकून बसलेले दाढीवाले बाबा सांगत. "मागचा जन्म वगैरे नाही हं, याच देहात! देह सूक्ष्म केला की उजेडसुद्धा अडत नाही. नगराध्यक्ष मंचावर बोलावत होते. म्हटलं, नको, मी आपला लोकांतच बरा."

लोक त्यांना पारदर्शक बाबा म्हणत. त्यांच्या झोळीत काय जातं, ते मात्र आरपार दिसत नव्हतं.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई रांगेत घुसल्या त्या काही भक्तीपोटी नव्हे. सकाळीच वहिनीचा रडवेला फोन आला होता. "तुमच्या दादांनी इन्सुलिन बंद केलंय हो! फ्रिजमधल्या शिश्या काढून तिथे ते पाणी ठेवलंय. माझं मेलीचं कोण ऐकतं? तुम्ही तरी या."

दादा रांगेत पुढेच होता, बाटली छातीशी धरून. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे.

"दादा, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीस. बंद पडलेलं एखादं कधी फोटोला टेकवून चालू केलंस का रे?"

"ते यंत्र, हे शरीर," दादा कुरकुरला. "आणि डोळ्यांनी दिसतंय ना आरपार? तू एवढी शिकलेली, तू सांग कसं ते!"

प्रश्न रास्त होता. बाईंनी पर्समधलं भिंग काढलं आणि फोटोला नाक लावलं. मागचे लोक ओरडू लागले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"बाबा," त्या अखेर म्हणाल्या, "हा कुत्रा कोण?"

"कुठला कुत्रा?"

"हा काय. डोकं नाही आणि शेपट्या तीन. हेही सिद्धपुरुषच का? बंबाच्या घोड्याला दोन तोंडं आहेत. ढोलवाल्याच्या मनगटापुढे नुसता धूर."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबा सावरून म्हणाले, "आमच्या तेजाचा परिणाम आहे तो."

"मग नगराध्यक्षांवर कसा नाही झाला? त्यांच्या तर मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा!"

बाबांनी डोळे मिटले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांची समाधी लागत असे.

बाईंनी मोबाइल खिडकीत टेकवला, त्यापुढे दादाचा गॉगल धरला. "उजेड कमी आणि कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा, असा फोटो काढतेय. दादा, बाबांशेजारच्या त्या पाटीपुढे उभा राहा. मी 'चल' म्हटलं की झटकन बाजूला हो."

दादा बावळटासारखा उभा राहिला. "चल!" म्हणताच सरकला. लोक माना उंचावत, एकमेकांना ढकलत होते. बाबा समाधीत.

फोटो पाहून दादा मटकन बाकावर बसला. त्याच्या पोटातून 'शांतता राखा' ही पाटी सरळ वाचता येत होती. गर्दीचा धूर झाला होता. आणि बाबा? खुर्चीसकट, झोळीसकट ठणठणीत! आरपार काही दिसेल तर शपथ.

"जुन्या कॅमेऱ्यांना असाच वेळ लागायचा," बाई म्हणाल्या. "मिरवणूक फोटोसाठी थांबवली असेल. मंचावरचे ताठ उभे राहिले, ते ठळक आले. वाजवणारे हलले, ते पुसट झाले. हा बिचारा क्षणभर टेकला आणि आपल्या कामाला निघून गेला. तो नव्हता तेवढा वेळ खांबाने कॅमेऱ्यात आपली जागा घेतली. आणि एवढ्या पुसट चेहऱ्याला दाढी असली की तो कुणाचाही चेहरा होतो."

"हल्ली देह जरा जड झालाय," पुटपुटत बाबा उठले. ध्यानाला म्हणून गेले ते झोळी विसरले नाहीत.

"मला वेड्यात काढलं गं," दादा हळूच म्हणाला.

"वेडा कसला? खरंच कोडं होतं ते. मलाही भिंग लागलं. पण कोडं सुटेपर्यंत औषध थांबवायचं नसतं, एवढंच. ऊठ, आधी दवाखाना."

दादा बाईंच्या खांद्यावर हात टाकून उठला. एक म्हातारी अजून बाटली धरून घुटमळत होती. तिने विचारलं, "मग आम्ही कुणाला मानायचं, बाई?"

"मानायचं नाही, आजी, विचारायचं," बाई म्हणाल्या. "हे कसं झालं, असं विचारायचं. मला विचारा, डॉक्टरांना विचारा. आणि जो उत्तराऐवजी डोळे मिटून घेतो, त्याच्या हाती आपला जीव द्यायचा नाही."