शेवटचा रिकामा ट्रॅक

“मावशी, तुझं गाणं या अल्बममधून गळलं गं,” स्टुडिओचा मालक फिट्झी अंगणात येऊन म्हणाला. “तो नावाजलेला सार्जंट क्लोव्ह गायला आलाय. त्याचं नाव कव्हरवर असलं की अल्बम खपतो.”

मॅव्हरीन सकाळपासून आंब्याखालच्या बाकावर बसून होती. डान्सहॉल या जमैकी नाचगाण्याची रीतच अशी: रिदम एकच. त्यावर प्रत्येक गायक आपापले शब्द घालणार आणि सगळ्यांची गाणी मिळून एक अल्बम होणार. किंग्स्टनमधल्या अशा कितीतरी अल्बमांत ती दुसऱ्यांच्या मागे ‘ऊ’ आणि ‘आ’ गात आली होती. या वेळी फिट्झीने तिला तिचं स्वतःचं गाणं कबूल केलं होतं.

“मग मी काय करू?”

“त्याच्या मागे गा. आणि ऐक ना, तुझं ते धृपद त्याला देतेस? त्याच्याकडे नुसती कडवी आहेत.”

“ऊ, आ हवं तेवढं घे,” गुडघ्यावर हात टेकून ती उठली. “धृपद माझं आहे.”

“म्हातारपणी हट्टी झालीस!”

“म्हातारी तुझी आई. पाणी दे आधी.”

ती गायली. क्लोव्हचं गाणं रंगलं, तसा अंगणात ताटकळणाऱ्यांनी कुंपणाचा पत्रा तळहातांनी बडवला. गाणं आवडलं की पत्रा वाजायचा, आणि ते तिथेच थांबवून पहिल्यापासून लावावं लागायचं. मागे गाणाऱ्यांसाठी तो कधी वाजला नव्हता.

अल्बम आला त्या संध्याकाळी घरी तिने खारा मासा भिजत घातला, सुजलेले पाय गरम पाण्यात सोडले आणि सीडी लावली. शेवटचा ट्रॅक नेहमीप्रमाणे बिनगायकाचा होता, नुसता रिदम. डोळे मिटून ती त्यावर आपलं गाणं म्हणू लागली. आवाज थकलेला होता, पण सुरात होता.

धृपद पहिल्यांदा आलं आणि घरच्या कुंपणाचा पत्रा धाडधाड वाजला. पलीकडच्या मिस आयोनीला एरवी रेडिओचाही त्रास व्हायचा.

“कमी करते, बाई, कमी करते!”

“कमी कसलं करतेस?” पलीकडून आवाज आला. “पहिल्यापासून लाव!”

मॅव्हरीनने एकेक पाय पाण्याबाहेर काढला आणि ती ओल्या पावलांनी सीडीकडे गेली.