रोलरची चार भोकं

रोलरवरून मी तीनदा पडले, आणि तिन्ही वेळा आमच्या क्लबाचा कप्तान एकच वाक्य बोलला, "तोल नाही. त्याला कोण काय करणार?"

रोलर म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. लोखंडी चौकटीत तीन गुळगुळीत नळकांडी, दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या. मधून एक पट्टा. सायकल कुठेही बांधलेली नसते. आपण पायडल मारायचं, नळकांडी फिरतात, आणि जागच्या जागी सायकल पळते. नवशिक्याने रोलर दारात मांडायचे, एक हात दाराच्या चौकटीवर, नजर समोर. पुढच्या चाकाकडे बघायचं नाही, पाय थांबवायचे नाहीत. हे सगळं मला पाठ होतं. तरी हात काढला की हँडल पिसाळायचं आणि मी धाडकन कुशीवर.

आमच्या सायकल क्लबाचा नियम असा, की रोलरवर पाच मिनिटं हात न टेकता चालवली तरच रविवारच्या जथ्यात जागा. जथ्यात चाकाला चाक लावून जातात, एक डगमगला की दहा पडतात. नियम रास्त आहे, त्यावर माझा राग नाही. राग आहे तो कप्तानावर. टायरचं दुकान चालवणारा सहा फुटी गृहस्थ. रोलर त्यानेच आणले, त्यानेच जोडले आणि नटांवर लाल रंग फासला. "मी लावून ठेवलंय, कुणी हात लावायचा नाही." येत्या शनिवारी माझी शेवटची संधी होती. नाहीतर वर्षभर मागच्या गाडीत बसून पाण्याच्या बाटल्या वाटायच्या.

बाटल्या मी वाटल्याही असत्या. पण मला ताई दिसत होती.

माझी थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी याच रोलरवर चार वेळा पडली. कप्तानाने तिलाही हेच सर्टिफिकेट दिलं आणि वर हसून म्हणाला, "ताई, तुम्ही घरातच बऱ्या." ताईने सायकल जावेच्या मुलीला देऊन टाकली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण तिने ते असं मनाला लावून घेतलं, की स्टुलावर चढणं सोडलं, बसमध्ये उभी राहीना. स्वयंपाकघरातला दिवा गेला तर वायरमन येईपर्यंत आठवडेच्या आठवडे अंधारात भांडी घासते. कारण काय, तर "माझा तोल नाही गं." लहानपणी गच्चीच्या कठड्यावरून चालत जाऊन आईचा जीव टांगणीला लावणारी बाई ही! मी पडल्याचं कळलं तेव्हा फोनवर म्हणाली, "आपल्या घराण्यातच नाही ते. सोडून दे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घराण्यात म्हणे!

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवतात, त्यावर मी दात बसवते. शुक्रवारी दुपारी एका आजोबांची कवळी परत आली. सोबत चिठ्ठी: 'सवय करायला सांगितली, तरी टोचते.' मी साचा काढून पाहिला, तर तो भलत्याच माणसाचा. चूक आमच्या टेबलावरची, आणि महिनाभर हिरड्या सोलून घेत होते बिचारे आजोबा. ती कवळी हातात घेऊन मी उभीच राहिले. मग दोरा आणि पाना पर्समध्ये टाकला आणि थेट क्लबाची शेड गाठली.

शेडमध्ये कुणी नव्हतं. सायकल रोलरवर ठेवून भिंतीला टेकवली आणि पुढच्या चाकाच्या मध्यातून एक दोरा खाली सोडला. पुढचं नळकांडं चाकाच्या मध्याखाली हवं, फार तर बोटभर पुढे. माझा दोरा नळकांड्याच्या मागे चांगली चार-पाच बोटं लोंबत होता. सगळं माप कप्तानाच्या लांब सायकलचं! नळकांडं सरकवायला चौकटीला ओळीने भोकं होती, पण लाल रंगाला पहिल्या दिवसापासून कुणी धक्का लावला नव्हता. क्लबातले बाकीचे सगळे उंच, सायकली लांब, त्यांचं बरं चाललं. ठेंगण्या सायकलींच्या आम्ही दोघीच, म्हणून आम्हाला तोल नाही!

पान्याने रंग खरवडला, नट सोडवले आणि नळकांडं चार भोकं मागे घेतलं. पट्टा जरा सैल पडला, पण फिरत होता.

शनिवारी कप्तान घड्याळ घेऊन समोर उभा राहिला. "हात काढा!"

काढला. हँडल जागचं हललं नाही. पाच मिनिटं झाली तरी मी थांबले नाही, सात मिनिटं चालवली.

"बघा," कप्तान सगळ्यांना म्हणाला, "सरावाने येतं."

"सरावाने नाही," मी उतरून म्हणाले, "चार भोकांनी." आणि बोट दाखवलं.

तो वाकला. खरवडलेला रंग बघून त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "नटांना हात कुणी लावला?" दोन बायका सात वेळा आपटल्या त्याचं काही नाही, आणि नटांचा केवढा कळवळा!

मी दोरा सोडून दाखवला. सगळे बघत होते. मान खाजवत तो म्हणाला, "बरं, मग ताईंना सांगा, या म्हणावं परत."

"मी नाही सांगणार. तुम्ही तिच्या घरी जाऊन सांगा. आणि तोल नाही म्हणाला होतात, तेही परत घ्या."

"आता जुनं कशाला उकरायचं?"

मी दोरा खिशात घातला आणि थेट ताईचं घर गाठलं.

ताई स्वयंपाकघरात होती. दिवा गेलेलाच होता. मी सगळं सांगितलं. ती नळाखाली तेच ताट परत परत धूत राहिली.

"किती भोकं?" तिने विचारलं.

"चार."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने नळ बंद केला. हात पुसले. कपाटातून नवा दिवा काढला, कोपऱ्यातलं स्टूल ओढत मधोमध आणलं आणि त्यावर पाय ठेवला. मी धावत जाऊन तिची कंबर धरली.

"हात काढ," ताई म्हणाली.