लांडग्याचा श्रावण

मी भुऱ्या बोलतोय, हिंगणीच्या रूपरावांचा कुत्रा. जन्म पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या ढिगाखाली, जात गावठी. आई मला तिथंच टाकून कुठं गेली, ते आजवर कळलं नाही. रूपरावांच्या घरच्या रुख्माबाईंनी मला उचललं आणि ज्वारीची भाकर ताकात कुस्करून पुढ्यात ठेवली. सहा वर्षं मी तेच खाल्लं, चणा खायला आलेल्या वानरांवर भुंकलो आणि उरलेला वेळ ओसरीत झोपलो. माझी काही तक्रार नव्हती.

मग आखाडात त्यांचा मुलगा रजत पुण्याहून आला. कंपनीचं काम आता घरूनच करायचं म्हणे. काम कमी आणि मोबाईल जास्त! एके दिवशी त्यानं मोबाईलमध्ये पाहिलं की कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, आणि भाकर म्हणजे त्याला विष. झालं! सेलूहून कच्चं मटण, काळीज, हाडं यायला लागली. माझा खुराक फ्रीजमध्ये दह्याशेजारी बसला, तसं रुख्माबाईंनी दही बाहेर काढलं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी ताट चाटूनपुसून साफ केलं. नशीब फळफळलं असंच वाटलं. चौथ्या दिवशी पोट बिघडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी दहीभात सांगितला. रजत म्हणाला, "काही नाई, त्याचं शरीर शुद्ध होऊन राह्यलं." शुद्ध मी होत होतो आणि अंगण रुख्माबाई धूत होत्या.

त्या माउलीनं मग गोठ्यामागं मला चोरून भाकर द्यायला सुरुवात केली. आठवड्यात मी सावरलो, अंगावर तकाकी आली. रजतनं लगेच माझा व्हिडिओ काढला. "पाहा, कच्च्या मटनाची कमाल!" मी शेपूट हलवली. भाकर बंद होईल या भीतीनं गप्पच राहिलो.

अशात श्रावण लागला. रुख्माबाईंनी फ्रीज धुतला आणि बजावलं, "आता महिनाभर या घरात मटन नाई. माणसालेबी नाई अन् कुत्र्यालेबी नाई."

"आई, लांडगा श्रावण पाळते काय?"

ओसरीतून रूपराव म्हणाले, "लांडगा ओसरीत घोरतबी नाई. हा घोरते."

आईपुढं रजतचं काही चालेना. पण लांडग्याला भाकर घालणं त्याच्या तत्त्वात बसेना. शेवटी त्यानं तोडगा काढला. महिनाभर मी जंगलात स्वतः शिकार करून खायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरोघरी मटण शिजतं; तेव्हा तो मला न्यायला येणार. म्हणजे घराचा श्रावणही पाळला गेला आणि माझा निसर्गही.

फिरवून आणतो असं सांगून भर दुपारी त्यानं मला स्कुटीवर पायाशी बसवलं आणि बोर धरणाकडं नेलं. जंगलाच्या कडेला उतरवून म्हणाला, "जा भुऱ्या, तुयं खरं घर हे हाय."

मला तिथं एकच वास येत होता, बिबट्याचा. निसर्गात कच्चं मांस खाणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या ताटात काय असतं ते मोबाईलनं रजतला सांगितलं नव्हतं. त्यांच्या ताटात मी असतो. मी त्याच्या पायांत घुसून कुईकुई केलं. मी फार घाबरलो होतो आणि मला रुख्माबाई हव्या होत्या.

एवढ्यात सागाच्या पानांत काहीतरी खसफसलं. रजतनं स्कुटी सुरू केली आणि धूम ठोकली. मी चिखलातून मागं पळत सुटलो, मग काट्याकुट्यांतून जवळच्या वाटेनं घराकडं.

घराशी पोचलो तर दारात रुख्माबाई विचारत होत्या, "भुऱ्या कुठी हाय?"

"राह्यला तिकडंच. त्याले आवडलं."

तेवढ्यात मी फाटकातून आत येऊन कोसळलो. तोंडाला फेस, पायांत काटे. रुख्माबाईंनी एकेक काटा काढला. मग भाकर आणली आणि गोठ्यामागं नाही, रजतच्या डोळ्यांदेखत माझ्यापुढं ठेवली.

"तू जंगल पाहून पळाला, अन् याले तिथं सोडून आला?" त्या म्हणाल्या.

पूर्वी तो सुट्टीत आला की मी त्याच्या गाडीमागं वेशीपर्यंत धावायचो. आता गाडीचा आवाज आला की खाटेखाली शिरतो. तो हाक मारतो, मी जात नाही.

बाबांनो, भाकर द्या, मटण द्या, शिळं वरण द्या, मी मुकाट खाईन. फक्त ज्या जागी तुमच्यानं पाच मिनिटं उभं राहवत नाही, तिला माझं घर म्हणू नका.