नुसता उजेड बघतोय

मी कॅमेरा बोलतोय. नाही, काचेच्या कपाटात मखमलीवर बसलाय तो नव्हे. त्याच्या खालच्या खणात, वायरींच्या गुंत्यात पडलोय, तो मी. डिजिटल.

विद्यानगरच्या या घरात आलो तेव्हा माझेही लाड झाले. दसऱ्याला मला झेंडूचं फूल वाहिलं. समीरच्या बहिणीच्या लग्नात मी पहाटेपासून राबलो आणि हजारभर फोटो काढले. ते अजून कोणी पाहिलेले नाहीत, पण काढले, हे समाधान आहेच.

समीर माधापूरला कंप्युटरवर काम करतो. एक दिवस त्याला साक्षात्कार झाला, की डिजिटल फोटोला आत्मा नसतो. हा साक्षात्कार त्याला मोबाइल बघताना झाला. लगेच तो दिलसुखनगरहून एक जुना फिल्मचा कॅमेरा घेऊन आला. वयाने मोठा, वजनाने मोठा, आणि त्याच्यातला उजेड मोजायचा काटा कधीच मेलेला. म्हणजे समोर ऊन आहे की सावली, हेही साहेबांना समजत नाही. मग ते कोणी सांगायचं? मी.

तेव्हापासून माझी नोकरी अशी. समीर आधी मला उचलतो, फोटो काढतो, माझ्या पडद्यावर बघतो. फार पांढरा आला तर आकडे बदलून पुन्हा काढतो. बरोबर आला, की तेच आकडे साहेबांच्या चकत्या फिरवून तिथे बसवतो, आणि मग 'खरा' फोटो त्यांच्याकडून घेतो. माझा फोटो तिथल्या तिथे पुसतो. माझ्या पाठीवर कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं एक बटण आहे. समीरच्या अंगठ्याने ते झिजून गुळगुळीत झालंय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा नागोबा मखमलीवर बसतो.

हेही मी पोटात घातलं असतं. पण मग वसंतरावांच्या दातांचं प्रकरण झालं.

वसंतराव म्हणजे समीरचे वडील. महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. होती. मुलगी बघायला आले तेव्हा ते कशावरून तरी खळखळून हसले, आणि ती फट बघून प्रमिलाबाईंनी होकार दिला, असं त्या स्वतः सांगतात. पण पुढे ऑफिसच्या ओळखपत्राच्या वेळी कुणा फोटोग्राफरने 'तोंड मिटा' म्हटलं, आणि वसंतरावांनी ते जन्मभर पाळलं. सरकारी माणूस, हुकूम रद्द झाल्याशिवाय कसा मोडणार? लग्नाच्या वाढदिवसापासून नातवाच्या बारशापर्यंत प्रत्येक फोटोत ते कोर्टात उभे केल्यासारखे.

आता डॉक्टरांनी सगळेच दात काढायचे ठरवले होते. प्रमिलाबाई मुलाला म्हणाल्या, "समीर, दात जायच्या आधी यांचा हसतानाचा एक फोटो दे रे मला. एकच. दुसरं काही नको."

रविवारी सकाळी गच्चीवर दोघांना खुर्च्यांवर बसवलं. समीरने मला डोळ्याला लावताच वसंतरावांचा जबडा आवळला.

"बाबा, रिलॅक्स! फोटो नाही हा. नुसता उजेड बघतोय."

"हौ? मग अगोदर सांग की रे. उगाच परेशान करतो."

जबडा सुटला. ते बायकोकडे वळले. "डॉक्टर म्हणतो, नवीन दात एकदम हिरोसारखे बसवतो. मग तू वळखशील का मला?"

"फटीशिवाय? घरातच घेणार नाही मी."

आणि वसंतराव हसले. मान मागे टाकून, डोळे मिटून, ती फट मिरवत. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मी टिपलं. माझ्या सबंध आयुष्यातलं तेवढं एक काम मला मनापासून आवडलं.

समीरने पडद्यावर बघितलं, म्हणाला, "परफेक्ट एक्स्पोजर!" आकडे साहेबांवर चढवले आणि माझ्या त्या गुळगुळीत बटणावर अंगठा दाबला. मग तो ओरडला, "आता खरा फोटो! बाबा, स्माइल!" वसंतरावांनी तोंड मिटलं.

फिल्म संपून धुऊन येईपर्यंत वसंतरावांचे दात गेले. निगेटिव्ह आल्या. आता आत्म्याचा फोटो मोबाइलवर पाठवायचा कसा? समीरने त्या खालून उजेड येणाऱ्या पाटीवर ठेवल्या आणि एकेकीचा फोटो काढला. कशाने? माझ्याने. हसू नका, मीही हसलो नाही.

प्रमिलाबाईंनी कंप्युटरवर फोटो पुढेमागे करून बघितले. मग म्हणाल्या, "आधी ते हसले होते ना रे? तो कुठाय?"

"ते मीटरिंग होतं आई, नुसता उजेड मोजायला. डिलीट केलं."

बाई उठून आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. समीरचा चेहरा उतरला. पुसलेला फोटो कार्डावर काही काळ तसाच पडून असतो, त्या जागेवर दुसरं काही येईपर्यंत. त्याने दिवसभर खटपट केली. शेवटी ती जागा सापडली. तिथे साहेबांचा फोटो बसला होता, तोंड मिटलेल्या वसंतरावांचा. मीच उतरवून घेतलेला.

त्यानंतर काही दिवसांनी प्रमिलाबाईंनी मला स्वतः खणातून काढून समीरच्या हातात दिलं. वसंतराव गच्चीवर पेज पीत होते. कवळी यायची होती, तोंड बोळकं.

"कायकु आलात दोघं? फोटो नक्को हां मला. दात नाहीत."

"फोटो कुठला हो," बाई त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या, "नुसता उजेड बघतोय तो. आणि आता तर फटच फट झाली. घरात घ्यावंच लागणार तुम्हाला."

वसंतराव हसले. पेज हनुवटीवर आली. मी टिपलं.

समीरचा अंगठा सवयीने कचऱ्याच्या डब्याकडे गेला. बाईंनी तो वरच्या वर धरला. मग माझं झाकण त्यांच्याकडून उघडेना, म्हणून समीरकडूनच उघडवून घेतलं, कार्ड काढलं आणि मंगळसूत्राच्या डबीत ठेवलं. पोरांचा भरवसा नाही, म्हणाल्या.

तेव्हापासून मी कार्डाशिवाय आहे. रविवारी समीर साहेबांसाठी मला अजून बाहेर काढतो. काही अडत नाही. नुसता उजेड बघायला कार्ड लागत नाही.