काळ्या बिअरचं मीठ

उतरत्या कार्तिकाचं ऊन वसईच्या वाड्यांवर ताम्रवर्ण होऊन पसरलं होतं. केळीच्या हरितश्याम पानांतून ते गाळून येत होतं, नारळीच्या झावळ्यांवर थबकत होतं, आणि बस्त्याव परेराच्या पडवीतल्या मोठ्या पातेल्यात उतरलं की मात्र काळं होत होतं. त्या पातेल्यात घरची काळी बिअर शिजत होती.

नाताळानंतर त्याच्या लेकीचं, स्टेलाचं लग्न. आणि सबंध गावात नाव बस्त्यावच्या बिअरचं. कृष्णवर्णी, मंदफेनी, कडवट-मधुर. त्या मांडवात दुसऱ्या कुणाची बाटली उघडली असती तर हा गृहस्थ मांडव सोडून गेला असता.

काळी बिअर म्हणजे हट्टी काम. करपेपर्यंत भाजलेले जव पाण्यात पडले की आंबटपणा सोडतात, म्हणून आधी पाणी साधावं लागतं. बस्त्याव कागदाची पट्टी बुडवी, तिचा रंग उजेडात धरी, खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकी. पुन्हा पट्टी, पुन्हा रंग, पुन्हा चिमूट. शेवटी आपलं साधं जेवणातलं मीठ, अगदी जरासं, चवीला भरीवपणा यावा म्हणून. पट्टी आंबटपणा सांगते. मिठाचं मात्र जिभेलाच विचारावं लागतं.

आज त्याने मीठ घालायच्या आधीच पळीभर चाखलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"रोजिना, यात मीठ कुणी घातलं?"

बायको दारातूनच म्हणाली, "तुमच्या पातेल्याला हात लावायची कुणाची छाती आहे, अहो? लग्नाचं घर आहे, डोकं ठिकाणावर नाही. तुम्हीच घालून विसरला असाल."

पण त्याने घातलंच नव्हतं. मिठाचा डबा वर फळीवर होता आणि त्याच्या झाकणावर धूळ होती.

बस्त्याव पायरीवर बसला. त्याला एकेक वर्ष आठवू लागलं. पाच वर्षांपूर्वी चमचाभर मीठ लागायचं. पुढच्या वर्षी पाऊण चमचा पुरलं. मग अर्धा. मग चिमूट. गेल्या नाताळात चिमूटही नको झाली, आणि मेहुणा कैतान पेला उचलून म्हणाला होता, "दाजी, यंदा काय अंग भरलंय हिचं. हात बसला तुमचा."

हात बसला म्हणे. तेव्हा बस्त्यावच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय? दर वर्षी मीठ कमी लागतंय, ही त्याला स्वतःची सिद्धी वाटली होती.

ते मीठ विहिरीतून येत होतं.

नळ आल्यापासून विहिरीचं पाणी घरात कुणी पीत नव्हतं. ते जायचं झाडांना आणि बस्त्यावच्या पातेल्यात. भूमीच्या उदरातून, वाळूच्या शिरांशिरांतून, पावलाचा आवाज न करता, नीलवर्ण, अथांग, निर्दय समुद्र त्याच्या वाडीत शिरला होता. वर्षावर्षाने शिरला होता. पहिली वर्दी त्याने बस्त्यावलाच दिली, आणि बस्त्यावने ती पेल्यांत ओतून पाहुण्यांना पाजली.

या वाडीसाठी स्टेलाने बँकेतली नोकरी सोडली होती. जावई इथेच राहायला येणार होता. दोघांनी गाठीचं सगळं राजेळी केळीच्या दोनशे रोपांत घातलं होतं. लग्न होईपर्यंत गप्प राहावं, असं क्षणभर बस्त्यावच्या मनात आलं. मग त्या मनाची त्याला लाज वाटली. पातेल्यातूनच पेला भरून तो वाडीत गेला.

विहिरीवरचा पंप धडधडत होता. ओढणी कमरेला खोचून स्टेला पाटाचं पाणी रोपांना वळवत होती. रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी, करपलेल्या. उन्हाने होतं असं, असं त्यानेच तिला परवा सांगितलं होतं.

तिने चिखलाच्या हातानेच पेला घेतला, एक घोट चाखला, आणि हसली.

"छान उतरलीय, बाबा. मीठ किती घातलंत?"

"मी घातलं नाही, पोरी," बस्त्याव म्हणाला. "विहिरीत आहे."

ती हसायची थांबली. तिने पेल्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि मग आपल्याच हातांनी दोनशे रोपांच्या मुळांशी नेऊन सोडलेल्या त्या चकाकत्या, निर्मळ, निरपराध दिसणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिली. किनाऱ्यावर वाढलेली पोर ती, तिला अधिक काही समजावावं लागलं नाही.

ती विहिरीपाशी गेली आणि तिने पंप बंद केला.

पाटातलं पाणी चार पावलं पुढे सरकलं, थबकलं, मातीत जिरलं. वाडी निःशब्द झाली. आणि त्या निःशब्दतेत, सुरूच्या बनापलीकडून, समुद्राची गाज ऐकू येऊ लागली. संथ, गंभीर, अविरत. तिला कसलीही घाई नव्हती.