उजव्या बाजूचा आरसा

"सात. साखळ्या," आर्डिथबाईंनी मोठ्याने वाचले आणि त्या पुन्हा वाकल्या.

पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर राहायच्या ट्रेलरची मान नीट बसली होती. तिच्याखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून न्यायच्या होत्या. मान निसटलीच तर ती रस्त्यावर आदळू नये, साखळ्यांच्या झोळीत पडावी. बाईंनी साखळ्या अडकवल्या, एकेकीला हिसका देऊन पाहिला आणि यादीवरचे बोट एक ओळ खाली सरकवले. यादी प्लास्टिकच्या पाकिटात होती. मायलोंच्या ठसठशीत अक्षरातल्या सोळा ओळी. नवऱ्याला, मायलोंना, जाऊन चौदा महिने झाले होते, पण त्यांचे अक्षर अजून हुकूम दिल्यासारखेच उभे होते.

कर्टिस गॅरेजच्या दाराशी कोटाच्या खिशात हात घालून उभा होता. ठरलेच तसे होते. त्याने कशालाही हात लावायचा नव्हता. सप्टेंबरभर रविवारी धान्यकोठारांच्या मोकळ्या आवारात त्याने आईची परीक्षा घेतली होती. ट्रेलर मागे घेताना त्या तीनदा चुकत आणि चौथ्यांदा बरोबर जात. तेव्हा कुठे त्याने मान डोलावली, तीही एका अटीवर. नेब्रास्कातल्या ब्रोकन बोहून ॲरिझोनातल्या बेन्सनपर्यंत हजार-अकराशे मैल, चार दिवस, रोज संध्याकाळी सहाला फोन.

"आणि वाटेत काही झालं, काहीही, तर जिथं असशील तिथंच थांबायचं," तो आता पुन्हा म्हणाला. "मी येईन. ट्रेलर तिथंच विकायचा, आणि तू आमच्याकडे यायचंस."

"काहीही म्हणजे? कॉफी सांडली तरी?"

"आई, सव्वीस वर्षं हे सगळं बाबा करत होते. तू शेजारी बसायचीस."

आर्डिथबाईंनी बोट पुढच्या ओळीवर नेले. शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षे त्यांनी रोज तीनशे पोरांना वेळेवर जेवू घातले होते. तिथेही लोकांना फक्त ताटे दिसत. कर्टिसच्या घरामागची खोली त्यांच्यासाठी रंगवून तयार होती, फिकट गुलाबी, त्यांना न विचारता. बेन्सनला मात्र ओळीने चाळीस ओट्यांवर ट्रेलर उभे राहत, त्यांतला सतरावा ओटा त्यांचा होता. तिथे सकाळी हाक मारली तर सहा दारे उघडत. हिवाळा तिथे काढायचा की गुलाबी खोलीत, एवढाच प्रश्न होता, आणि तो या चार दिवसांत सुटणार होता.

काल संध्याकाळी सगळे कुटुंब निरोपाला जमले होते. दाराबाहेरचा ट्रेलरचा कापडी मांडव उघडून त्याखाली कोलाच, खसखस भरलेले गोड पाव, खाल्ले, नातवंडांनी फोटो काढले. पाहुणे गेल्यावर बाईंनी मांडव नेहमीप्रमाणे स्वतः गुंडाळला. आता सोळाव्या ओळीवर बोट पोचले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. त्यांनी एकेक दिवा लावून कर्टिसला दाखवला, त्याच्या गालावर ओठ टेकवले आणि त्या चालकाच्या जागेवर चढल्या.

त्र्याऐंशी क्रमांकाचा रस्ता दक्षिणेला सरळ उतरत जातो. दोन्हीकडे कापलेला मका, दहा-पंधरा मैलांनी एखादे पांढरे धान्यकोठार. आर्डिथबाईंनी वेगाचा काटा पंचावन्नच्या वर जाऊ दिला नाही. मायलो बोलत ते सगळे त्यांच्या कानात होते. पेट्रोल भरायचे तर अशा पंपावर, जिथून मागे न येता बाहेर पडता येईल. वळताना कोपऱ्याच्या पुढे जाऊन मग वळायचे. शंभर मैलांनी उतरून प्रत्येक चाकाच्या मध्यावर तळहात ठेवायचा; एखादे इतरांपेक्षा गरम लागले तर तिथेच थांबायचे. मकूकला त्यांनी कडेचा पंप धरला आणि चारी चाकांना ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा हात लावून पाहिला. चारी सारखीच कोमट होती. तरी गाडीत बसल्यावर दुसऱ्या चाकाबद्दल शंका आली, म्हणून त्या पुन्हा उतरल्या.

कॅन्सासात शिरल्यावर वारा सुटला. तो पश्चिमेकडून, उजव्या कुशीवर येत होता. दर झोताबरोबर ट्रेलर किंचित डावीकडे झुके आणि स्टिअरिंगवरची त्यांची बोटे पांढरी होत. ओकली मागे पडल्यावर समोरून येणाऱ्या एका मालट्रकने दिव्यांची उघडझाप केली. मग दुसऱ्याने. बाईंनी मनात सोळा ओळी म्हटल्या. गोळा, खिट्टी, साखळ्या, दिव्यांची तार, जॅक वर, ठोकळे आत. सगळे बरोबर होते. आपण हळू जातो म्हणून हे लोक वैतागले असतील, असे त्यांनी स्वतःला सांगितले आणि काटा साठपर्यंत नेला.

आता मागे गुरांचा एक ट्रक लागला आणि त्याने भोंग्यावर हातच ठेवला. डावीकडच्या आरशात त्याचे नाक दिसत होते. उजवीकडच्या आरशात त्यांना नेहमीसारखे आभाळ आणि तारेचे खांब दिसले. पुढे जायचे असेल तर जा बाबा, असे त्या पुटपुटल्या, तोच मागे काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि सबंध पिकअप डावीकडे ओढला गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जोरात. काचेपलीकडचा रस्ता तिरका झाला.

पाय आपोआप ब्रेककडे निघाला होता. मायलोंचा आवाज त्याच्या आधी पोचला. पुढून थांबवशील तर मागचं तुझ्या अंगावर येईल, आर्डी. आधी शेपटी थांबव. त्यांनी दोन्ही पाय जमिनीला टेकवले, स्टिअरिंग सरळ धरले आणि उजव्या हाताने गुडघ्याजवळची कळ दाबली. तिने फक्त ट्रेलरच्याच चाकांचा ब्रेक लागतो. मागून कोणीतरी गच्च धरल्यासारखे झाले. हेलकावे लहान होत गेले, काटा चाळीसवर आला, तीसवर आला. त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या खडीवर घेतली. ती थांबल्यावरही त्या कळ सोडायला तयार नव्हत्या.

उतरल्यावर दिसले. मांडव तोलून धरणारा एक हात खांद्यापासून निखळून छतापलीकडे उलटा पडला होता, दुसरा अधांतरी लोंबत होता, आणि काल ज्याखाली कोलाच खाल्ले ते निळे-पांढरे कापड ट्रेलरवर फडफडत उभे राहिले होते.

गुरांचा ट्रक त्यांच्या मागे थांबला. चालक पन्नाशीचा, रुंद हाडाचा, डोक्यावर घामट टोपी. त्याने आपले नाव रेफुहियो बाएसा असे सांगितले आणि कापडाकडे पाहिले.

"सात मैल भोंगा वाजवतोय, बाई. आधी फुगा दिसला, मग शीड. म्हटलं, बाई समुद्रावर निघाल्यात की काय."

"मला वाटलं तुम्हाला घाई आहे."

"घाई माझ्या गुरांना नाही, मला कुठून असणार? पण गाडी सावरलीत झकास. मी तर तुम्ही खड्ड्यात गेलातच असं धरून चाललो होतो." मग त्याने लोंबत्या दांड्याकडे बोट केले. "मांडवाच्या हातांना पट्टे नाही बांधले?"

पट्टे कुठे होते ते आर्डिथबाईंना लख्ख दिसले. दाराच्या आतल्या बाजूला, खुंटीवर. ते नेहमीच रात्री खुंटीवर असत आणि सकाळी बांधले जात. मायलो पुढे गोळ्याशी वाकून आपली यादी मोठ्याने वाचत, तेव्हा मागे उजव्या अंगाला कोणीतरी मांडवाची कडी लावी, पट्टे आवळी, पायरी आत ढकली, दार ओढून पाही. ते कोणी यादीत लिहिले नव्हते, कारण ते कधी राहिलेच नव्हते. आज सकाळी त्या पुढे वाकल्या होत्या. मागे कोणीच नव्हते.

दार त्यांनी निघण्याआधी कुलूप लावताना ओढले होते, एवढेच नशीब. पायरी मात्र बाहेरच लोंबत होती.

बाएसाने मांडवाचे दोन्ही हात सोडवून काढले, कापड सुरीने कापून काढले आणि सगळ्याची मोळी बांधून पिकअपमध्ये टाकली. मग अजून काही लटकते आहे का ते आरशांतून पाहायला तो चालकाच्या जागेवर बसला आणि उजवीकडच्या आरशाकडे बघतच राहिला.

"बाई, यात तर नुसतं आभाळ दिसतंय. हा आरसा कुणासाठी लावलाय?"

"माझ्यासाठी," आर्डिथबाई म्हणाल्या. "मी तिकडे बसायचे."

त्याने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग खाली उतरून, पलीकडे जाऊन, त्याने बाईंना आत बसायला सांगितले आणि त्या हो म्हणेपर्यंत आरसा बोट-बोट वळवत राहिला.

त्या दिवशी लिबरल नावाच्या गावी पोचायचे होते. त्या अलीकडे स्कॉट सिटीलाच थांबल्या. मुक्कामाच्या जागेत चौथ्या खेपेला ट्रेलर नीट लागला. शेजारचे म्हातारे जोडपे, तिथल्या रिवाजाप्रमाणे, तोवर दुसरीकडे पाहत राहिले. सहाला पाच मिनिटे कमी होती. फोन त्यांच्या मांडीवर होता. मांडवाबद्दल बोललेच नाही तर बेन्सनपर्यंत कोणाला कळणार नव्हते. पुढे म्हणता आले असते की वाळवंटातल्या वादळात गेला. पाच मिनिटे त्या हा विचार उलटसुलट करत बसल्या आणि सहाला त्यांनी फोन लावला.

जे झाले ते त्यांनी क्रमाने सांगितले, स्वयंपाकघरातला हिशेब मुख्याध्यापकांना देत तसे. ट्रेलर हेलकावला हे सांगितले. किती वेगात होत्या हेही सांगितले.

"आई, ठरलं होतं आपलं," कर्टिस म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "तू मेली असतीस. बाबांची यादी एवढी समोर असून..."

"यादी सगळी केली. हे यादीत नव्हतं."

"असं कसं? बाबा काही विसरायचे नाहीत."

"ते काम तुझ्या बाबांचं नव्हतंच. माझं होतं. आज त्यांचं काम मी केलं आणि माझं राहून गेलं. तू म्हणतोस तशी मी शेजारी बसायचे खरी. पण मी 'झालं' म्हटल्याशिवाय त्यांनी सव्वीस वर्षांत कधी गाडी हलवली नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, मग तो कोणीतरी बंद केला. आर्डिथबाईंचा अंगठा प्लास्टिकच्या पाकिटाची कड पुन्हापुन्हा दुमडत होता.

"उद्या किती वाजता निघणारेस?" कर्टिसने विचारले.

"आठला."

"वारा बघून निघ. आणि लिबरलला पोचलीस की कर फोन. सहापर्यंत थांबू नकोस."

सकाळी गहू उगवलेल्या रानावर दहिवर होते आणि हवा निश्चल होती. आर्डिथबाईंनी सोळा ओळी मोठ्याने वाचल्या. मग पाकीट इंजिनाच्या टोपावर ठेवून त्या उजव्या अंगाला गेल्या. पायरी आत ढकलली, दार ओढून पाहिले, मांडव होता तिथल्या उघड्या खिळ्यांवरून हात फिरवला. तिथून पाय नेहमीच्या वाटेने चालत गेले. त्यांनी उजवीकडचे दार उघडले आणि त्या आत बसल्या, पट्टा लावला, आरशात पाहिले.

आरसा आता त्यांच्यासाठी नव्हता. त्यात फक्त पिकअपची पत्र्याची कड आणि थोडे कुंपण दिसत होते. डावीकडे मायलोंची जागा रिकामी होती, आणि ती वाट पाहते आहे असे वाटत होते.

त्या तिथे एक मिनिट बसल्या. मग पट्टा सोडून उतरल्या, गाडीच्या नाकावरून हात फिरवत पलीकडे गेल्या, टोपावरचे पाकीट उचलले आणि चालकाच्या जागेवर चढल्या. इथून उजव्या आरशात ट्रेलरची सबंध कूस दिसत होती, दारापासून शेवटच्या चाकापर्यंत.

"झालं," आर्डिथबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गाडी हलवली.